जामीनदाराची सही

माझं दुकान सोलापूरच्या पूर्व भागात आहे. झेरॉक्स, लाइट बिल, परीक्षांचे फॉर्म, रेल्वेचं तिकीट, दाखल्यांचे अर्ज. मागच्या गल्लीत यंत्रमाग चालतात. त्यांचा खडखडाट अचानक थांबला की लाइट गेली, हे पंख्याकडे न बघताच कळतं. काउंटरवर रोज दोन-तीन जण तरी कागदाऐवजी मोबाइल पुढे करतात. कुणी मराठीत विचारतं, कुणी तेलुगूत, कुणी कानडी हेल काढून. प्रश्न मात्र एकच असतो. "हे खरं हाय का बघा की ओ."

मोफत शिलाई मशीनचा फॉर्म, पाचशेच्या नोटेतली अमुक खूण, कुठल्याशा पाल्याच्या रसाने बरी होणारी साखर. मी वाचायला लागलो की समोरचा माणूस आपसूक एक वाक्य जोडतो. "पाठवणारा आपलाच हाय." मजकुरापेक्षा हे वाक्य मला जास्त छळतं. कारण माणूस विश्वास ठेवतो तो मजकुरावर नव्हे, पाठवणाऱ्यावर.

माझे वडील यंत्रमागावर कामाला होते. पतसंस्थेतून कर्ज काढायचं तर दोन जामीनदार लागतात, हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. वडिलांनी शेजारच्या मागावरच्या एका माणसासाठी सही केली. तो वर्षभरात भिवंडीला गेला तो परत आलाच नाही. पुढची अडीच वर्षं हप्ते आमच्या घरातून गेले. वडिलांनी त्या माणसाला कधी शिवी दिली नाही. एकदाच म्हणाले, "माणूस ओळखीचा होता, म्हणून मी कागद वाचला नाही." मोबाइलवर आलेला मजकूर पुढे ढकलणारं प्रत्येक बोट मला त्या सहीसारखं वाटतं. आपण त्या मजकुराला जामीन राहतो. पुढचा माणूस आपलं नाव बघतो आणि कागद वाचत नाही.

ही गोष्ट मोबाइलपेक्षा जुनी आहे. १९८४ साली मी दहा वर्षांचा होतो. आमच्याकडे राहणारी आत्या विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, आणि हात एका लयीत चालू. एक दिवस तिच्या नावाने पोस्टकार्ड आलं. वर संतोषी मातेचा जयजयकार. खाली, अशी २१ कार्डं लिहून पाठवा, नवव्या दिवशी शुभवार्ता कळेल. एकाने पाठवली, त्याला लॉटरी लागली. एकाने फाडून टाकलं, त्याचा मुलगा गेला. पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. आत्याला लिहिता येत नव्हतं, म्हणून लिहायला मी बसलो. कार्ड १५ पैशांना होतं. २१ कार्डांचे तीन रुपये पंधरा पैसे झाले. तिने ते पदराच्या गाठीतून मोजून दिले. नातेवाइकांचे पत्ते आठवून आठवून मी दोन रात्री लिहीत होतो. बार्शी, होटगी, विजापूर, गुलबर्गा, अक्कलकोट. माझं अक्षर चांगलं होतं आणि मला त्याचा अभिमान वाटत होता.

अक्कलकोटची चुलत आत्या विधवा होती. तिचा एकुलता मुलगा त्या दिवसांत तापाने अंथरुणाला खिळला होता. तिने कार्ड पाहिलं आणि अक्षर ओळखलं. पोराला फसवायचं कारणच काय, असं तिच्या मनात आलं असणार. २१ कार्डांचे पैसे तिच्याकडे नव्हते. तिने ते कार्ड देव्हाऱ्यात ठेवलं आणि उपास धरले. महिनाभराने कुणाच्या तरी लग्नात ही हकीकत वडिलांच्या कानावर आली. दुसऱ्याच रविवारी त्यांनी मला एसटीत बसवलं. रस्ताभर काही बोलले नाहीत. तिच्या दारात पोचल्यावर म्हणाले, "कार्ड तुझ्या हाताने आलं. काही होणार नाही, हेही तुझ्याच तोंडाने सांग." मी सांगितलं. ती रडली, मीही रडलो. मुलगा तोवर बरा होऊन अंगणात गोट्या खेळत होता, आणि तरीही तिचे उपास सुरूच होते. भीती एकदा घरात शिरली की कारण संपल्यावरही उठून जात नाही, हे तिच्या चेहऱ्यावर मी तेव्हा पाहिलं. त्याचा अर्थ लागायला बरीच वर्षं जावी लागली.

१९९९ साली मी सात रस्त्याजवळ सायबर कॅफे काढला. आधी चार कॉम्प्युटर, मग सहा. टेलिफोनच्या तारेवरचं इंटरनेट. जोडणी लागताना मोडेम किरकिर आवाज करायचा, तो ऐकून गिऱ्हाईक खुर्ची पुढे ओढायचं. पोरं बंगळूरला, पुण्याला, अमेरिकेला गेलेली. त्यांचे आईबाप ईमेल वाचून घ्यायला माझ्याकडे यायचे. हॉटमेलची पेटी तेव्हा अवघी २ एमबीची होती. 'हे दहा जणांना पाठवा' असं सांगणारी गुलाबाची नि गणपतीची चित्रं आली की ती भरून जायची. एका मुलाला मुलाखतीचं बोलावणं आलं, ते पेटी भरलेली असल्यामुळे परत गेलं. कंपनीने दुसऱ्यांदा पाठवलं नाही. त्या पेटीतली निम्मी चित्रं त्याच्या सख्ख्या मामाने प्रेमाने धाडलेली होती.

'हॉटमेल बंद होणार, खातं चालू ठेवायचं तर हे पुढे पाठवा' हा मजकूर मी त्या काळात वाचला. तोच मजकूर नाव बदलून, व्हॉट्सअ‍ॅप महाग होणार म्हणून, वीस वर्षांनी काउंटरवर पुन्हा आला. १९९७ पासून फिरत असलेल्या एका ईमेलमध्ये बिल गेट्स पत्र पुढे पाठवणाऱ्याला पैसे देणार होते. त्याआधी, १९९४ साली, 'गुड टाइम्स' नावाची पत्रं उघडू नका, उघडलीत तर हार्ड डिस्क पुसली जाईल, असा इशारा जगभर फिरला. असा व्हायरस नव्हताच. फैलावला तो इशारा.

आता माझी चूक सांगतो. ४ मे २००० रोजी फिलिपिन्समधून 'आय लव्ह यू' नावाचा व्हायरस निघाला, आणि तो खरा होता. चिठ्ठी ओळखीच्या माणसाकडून यायची. जोडलेली फाइल उघडली की फायली खराब करून तो त्या कॉम्प्युटरवरच्या पत्त्यांच्या यादीतल्या सगळ्यांना आपोआप जायचा. वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर बातम्या आल्या आणि आम्ही कॅफेवाले धास्तावलो. वर्षभराने, मे २००१ मध्ये, बंगळूरच्या एका चांगल्या गिऱ्हाइकाचं पत्र आलं. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये 'सल्फएनबीके' नावाची फाइल आहे का बघा. असली तर तो व्हायरस आहे. १ जूनला जागा होऊन सगळं पुसून टाकेल. कुठल्याही अँटिव्हायरसला सापडत नाही. ताबडतोब काढा आणि ओळखीच्या सगळ्यांना कळवा.

मी शोधलं. फाइल होती. सहाही मशीनवर होती. तिचं चिन्हही विचित्र, बाकीच्यांत न बसणारं. यापेक्षा आणखी पुरावा तो काय हवा? सहाही ठिकाणाहून मी ती काढली. मग रात्री दुकान बंद करून माझ्याकडे पत्ते असलेल्या जवळजवळ १४० गिऱ्हाइकांना ते पत्र पाठवलं. खाली मराठीत रोमन अक्षरांनी एक ओळ लिहिली: मी स्वतः तपासून पाहिलं आहे.

ती फाइल विंडोज ९८ बरोबरच येते. लांबलचक नावांच्या फायलींची नावं पूर्ववत करायला मायक्रोसॉफ्टने ती दिलेली होती. म्हणजे जो कुणी शोधेल त्याला ती सापडणारच. ते पत्र आपल्याला 'विश्वास ठेवा' म्हणत नव्हतं, 'स्वतः बघा' म्हणत होतं, आणि बघण्याची जागा अशी नेमली होती की प्रत्येकाला तेच दिसावं. अँटिव्हायरसला सापडत नाही असं आधीच सांगितल्यामुळे शंका घ्यायचं एकमेव दारही बंद. इतकी वर्षं मी असले मजकूर वाचतो आहे, पण इतकी सफाई क्वचितच पाहिली.

फाइल काढल्याने माझं एकही मशीन बंद पडलं नाही. नुकसान दुसरीकडे झालं. चादरी-टॉवेलचा व्यापार असलेल्या एका घरातला मुलगा माझ्याकडे इंटरनेट शिकला होता. माझी ओळ वाचून त्याने घरचा कॉम्प्युटर पाहिला, फाइल सापडली, आणि नुसती ती काढून भागणार नाही या भीतीने त्याने अख्खं मशीन फॉरमॅट केलं. वडिलांचा दोन वर्षांचा हिशेब त्यात होता, कुणाकडून किती येणं आहे त्याच्या याद्यांसकट. दुसरी प्रत नव्हती. उधारीवर चालणाऱ्या धंद्यात येण्याची यादी जाणं म्हणजे काय, ते आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको.

मला चार दिवसांनी कळलं. वडील तेव्हा थकले होते, पण अक्कलकोटचा रस्ता मला आठवत होता. मी त्या घरी गेलो. मुलाच्या वडिलांसमोर बसून सांगितलं की पत्र माझ्याकडून आलं, ते खोटं होतं, आणि 'तपासलं आहे' असं मी लिहिलं ते न तपासता लिहिलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पोरगा तुमच्या शब्दावर गेला." एवढंच. पुढचे दोन महिने संध्याकाळी जाऊन बिलांच्या कार्बन प्रतींवरून जमेल तेवढा हिशेब मी पुन्हा भरून दिला. सगळा भरला गेला नाही. आणि त्याच १४० जणांना दुसरं पत्र पाठवलं. मूळ पत्र पुन्हा जोडलं नाही. काय चुकलं आणि फाइल परत कशी घ्यायची एवढंच लिहिलं. दहा-बारा जणांचं उत्तर आलं. दोघे फ्लॉपीवर फाइल घेऊन गेले. बाकीच्यांनी वाचलं की नाही, कळलं नाही. खोटं जितक्या वेगाने गेलं तितक्या वेगाने दुरुस्ती जात नाही, पण तिने निदान त्याच दारांवर थाप मारावी असं मला वाटतं.

खऱ्यातून सुरू झालेल्या साखळीचं काय होतं, तेही पाहण्यासारखं आहे. १९८९ साली इंग्लंडमधल्या एका आजारी मुलासाठी शुभेच्छापत्रांचं आवाहन निघालं. त्याला मेंदूत गाठ होती आणि सर्वाधिक कार्डं मिळवण्याचा विक्रम करायचा होता. विक्रम झाला. १९९१ मध्ये अमेरिकेत शस्त्रक्रिया होऊन तो बराही झाला. पण कार्डं थांबेनात. तोवर आलेली संख्या तीन कोटींच्या वर गेली होती, आणि पुढे आवाहन ईमेलवर चढलं तेव्हा मुलाच्या नावाची अक्षरं, वय, पत्ता बदलत गेले. तो मोठा झाला तरी पत्रात तो लहान आणि मरणपंथालाच होता. आजही 'रक्त हवं आहे, तातडीने' असा मजकूर आला की मी आधी तारीख शोधतो. बहुधा नसते. 'उद्या', 'काल रात्री', 'आत्ताच' असं असतं, आणि असा मजकूर कधीच शिळा होत नाही. खाली नंबर असला तर मी फोन लावतो. एकदा उचलणारा म्हणाला, "दादा, ते पेशंट जाऊन तीन वर्षं झाली. रोज फोन येतात." त्या माणसाचा आवाज मी विसरलेलो नाही.

दिवाळीच्या रात्री अंतराळातून भारत कसा दिसतो म्हणून एक रंगीत चित्र दरवर्षी येतं, नासाच्या नावाने. ते एका रात्रीचं नाहीच. वेगवेगळ्या वर्षांतल्या उपग्रह-नोंदी एकावर एक ठेवून, दिव्यांची वाढ कळावी म्हणून निरनिराळे रंग दिले आहेत. नासाने स्वतःच २०१२ साली तसा खुलासा केला. असल्या चित्राने कुणाचं घर बुडत नाही, हे खरं. 'जन गण मन'ला युनेस्कोने जगातलं सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवलं, या अफवेनेही नाही. तरी मी तेही पुढे पाठवत नाही. निरुपद्रवी मजकुरावर सही करायची सवय लागली की बोट थांबायचं विसरतं, आणि मग एखाद्या दिवशी जे येतं ते निरुपद्रवी नसतं.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा रविवार. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण तिथे भिक्षा मागायला आले होते. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे मजकूर आणि व्हिडिओ त्या उन्हाळ्यात मोबाइलवर सगळीकडे फिरत होते. जमावाने त्यांना पकडलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मारून टाकलं. त्यातले बहुतेक जण आमच्या सोलापूर जिल्ह्यातले होते, मंगळवेढा तालुक्यातले. मुलं पळवण्याचा जो व्हिडिओ तेव्हा देशभर दाखवला जात होता, तो कराचीतल्या एका जनजागृतीच्या फिल्मचा तुकडा होता. मूळ फिल्ममध्ये मोटारसायकलवरचे लोक मूल परत आणून सोडतात. तो भाग कुणीतरी कापला होता.

तो तुकडा त्या आधीच्या आठवड्यात माझ्या काउंटरवरही आला होता. एका बाईने दाखवला. नातवाला शाळेत एकटं पाठवू का, असं विचारत होती. मी "अफवा असेल" म्हणालो आणि पुढच्या गिऱ्हाइकाची झेरॉक्स काढायला लागलो. शोधायला बसलो नाही, तिला नीट समजावलं नाही. मंगळवेढ्यात त्या पाच जणांची बातमी पोचली त्या दिवशी मला ती बाई आठवली. मी थांबवलं असतं म्हणून राईनपाड्यात काही वेगळं घडलं असतं, असं मी म्हणत नाही. पण 'असेल' या शब्दाने कुणाची भीती उतरत नाही. त्या दिवसापासून मी हातातलं काम बाजूला ठेवतो.

त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मजकूर पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पुढे, खूप हातांतून आलेल्या मजकुरावर दोन बाण दिसू लागले, आणि एप्रिल २०२० पासून तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. ते दोन बाण मी काउंटरवर सगळ्यांना दाखवतो. विडी कामगार बायकांना ते पटकन समजतं. कारखान्यात विड्या मोजून घेताना बाद होतात, ते त्यांना रोजचं असतं. "म्हंजी ह्याला लई हात लागल्यात," एक जण म्हणाली. याहून नेमकं मला कधी सांगता आलं नव्हतं.

१० रुपयांच्या नाण्याबद्दलच्या अफवेचीही तीच गत. रेघा दहा की पंधरा, रुपयाचं चिन्ह आहे की नाही, यावरून भाजीवाल्या नाणं परत करत. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केलं की १४ नक्षींची नाणी निघाली आहेत आणि सगळी चालतात. ते निवेदन मी छापून दुकानात लावलं. अजून लावलेलं आहे.

अलीकडे आणखी वाईट प्रकार सुरू झाला आहे. नातेवाइकाच्या नंबरवरून लग्नपत्रिका येते. पत्रिका उघडायची म्हणून बोट लावलं की फोनमध्ये एक अ‍ॅप उतरतं आणि बँकेचे मेसेज भलतीकडे जायला लागतात. नातेवाइकाला पत्ताच नसतो, त्याचा फोन आधीच दुसऱ्याच्या ताब्यात गेलेला असतो. इथे जामीनदाराची सहीच चोरली जाते. फाइलच्या नावाशेवटी 'एपीके' अक्षरं दिसली तर ती पत्रिका नव्हे. आधी त्या घरी फोन करायचा, आणि पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या नंबरवर.

कुणी चुकीचं पाठवलं तर मी ग्रुपवर उत्तर देत नाही. पूर्वी द्यायचो, पुराव्यासकट. माझ्या सख्ख्या मेहुण्याने त्यावरून सहा महिने बोलणं सोडलं. मजकूर त्याने काळजीपोटी पाठवला होता आणि मी तीस माणसांत त्याला खोटं पाडलं होतं. आता फोन करतो, आधी घरच्यांची खुशाली विचारतो, मग म्हणतो की ते जरा बघ, मला असं दिसलं. बहुतेक जण स्वतःच काढून टाकतात. काही नाही काढत.

गेल्या महिन्यात दुपारी एक माणूस आला. बायकोला कॅन्सर. बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलमध्ये उपचार चालू, पुढची तारीख जवळ आलेली. त्याने मोबाइल दाखवला. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलच्या डॉक्टरांच्या नावाने लिहिलं होतं की गरम पाण्यात नारळाच्या चकत्या टाकून प्यायल्या की गाठ विरघळते. सगळ्यांना पाठवा, एक जीव वाचवा. वर दोन बाण. तो म्हणाला, "तिला त्या सलायनचा लई त्रास होतोय. हे करून बघावं म्हणतो, एक तारीख सोडून."

मी त्याला बसायला सांगितलं आणि त्या हॉस्पिटलने हे आपलं नाही असं सांगितलेलं आहे, ते उघडून दाखवलं. त्याने वाचलं. मग हळू आवाजात म्हणाला, "पण भावानं पाठवलंय ओ. सख्खा हाय. तो कशाला खोटं बोलंल?"

"खोटं बोलत नाहीत ते. त्यांना फोन लावा. कुणाकडून आलं, विचारा."

त्याने लावला. भावाला सासरवाडीच्या मेहुण्याने पाठवलं होतं. मेहुण्याला लावला. तो म्हणाला, आमच्या गिरणीतल्या एकाने. त्याचा नंबर घेतला, त्याला लावला. "मला व्हय? ग्रुपवर आलतं. कोण टाकलं काय की. का ओ, काय झालं?"

काय झालं ते याने सांगितलं नाही. "काय नाही, सहज," म्हणाला आणि फोन ठेवला. तीन फोनांत तिघांनीही त्याच्या बायकोची चौकशी केली होती. तो थोडा वेळ मोबाइलकडे बघत बसला. मागच्या गल्लीतले माग चालू होते. मग त्याने फाइलची पिशवी उचलली, आतले कागद नीट केले, बार्शीच्या तारखेची चिठ्ठी वर काढून ठेवली आणि तिची झेरॉक्स मागितली. दोन प्रती. एक घरात राहू दे, म्हणाला.